विश्लेषण : बीएस्सी नर्सिंगसाठी पसंतीक्रम भरताना कॉलेज पाहायचे की रुग्णालय?

नीटमध्ये अपेक्षित गुण मिळाले नाहीत म्हणून किंवा पहिल्यापासूनच परिचर्या क्षेत्रात जायचे म्हणून, राज्यातील बारावी विज्ञानचे हजारो विद्यार्थी बीएस्सी नर्सिंगकडे वळतात. शासकीय महाविद्यालयांतील जागा कमी, खासगी महाविद्यालयांची यादी लांबलचक आणि अर्ज भरायला हातात जेमतेम काही दिवस, अशा घाईत पसंतीक्रम भरला जातो. पुढची चार वर्षे कुठे शिकायचे, किती खर्च करायचा आणि हाताला काम किती येणार, हे सगळे त्या एका अर्जावर ठरते. त्यामुळे परीक्षा, फेऱ्या, शुल्कसवलत आणि महाविद्यालयाची निवड यांचे गणित आधीच समजून घेणे गरजेचे आहे.

प्रवेश नेमका कोणत्या परीक्षेवर?

राज्यातील शासकीय महाविद्यालये आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी (एमयूएचएस, नाशिक) संलग्न खासगी महाविद्यालये यांतील बीएस्सी नर्सिंगचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या म्हणजेच सीईटी सेलच्या एमएच-बीएस्सी नर्सिंग सीईटीवर होतात. २०२५ मध्ये ही परीक्षा ७ आणि ८ एप्रिल रोजी झाली. म्हणजे बारावीच्या निकालाच्या आणि नीटच्याही आधी.

येथेच दरवर्षी काही विद्यार्थी फसतात. ‘एमबीबीएस नाही मिळाले तर नर्सिंग आहेच’ असे गृहीत धरून ते फक्त नीट देतात. निकालानंतर नर्सिंगची चौकशी करायला गेल्यावर कळते, की सीईटीचा अर्ज भरण्याची मुदत काही महिन्यांपूर्वीच संपली. नर्सिंग हा दुसरा पर्याय असला, तरी सीईटीचा अर्ज बारावीच्या परीक्षेपूर्वी, साधारण हिवाळ्यातच भरून ठेवावा लागतो.

पात्रतेसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार खुल्या प्रवर्गासाठी किमान ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुणांची अट आहे. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण व्हायला हवीत. जीवशास्त्र न घेता फक्त गणित गटातून बारावी झालेल्यांना हा मार्ग खुला नाही.

परीक्षेचे स्वरूप काय? पर्सेंटाइलचा अर्थ काय?

प्रश्न १००, गुण १०० आणि वेळ ९० मिनिटे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग अभिरुची या पाच विभागांना प्रत्येकी २० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नाही. नीटच्या तयारीत जीवशास्त्रावर सर्वाधिक भर असतो. येथे मात्र इंग्रजी आणि अभिरुची या दोन विभागांचे मिळून ४० गुण आहेत. विज्ञानात थोडे मागे पडलेल्या विद्यार्थ्याला येथेच सावरता येते.

परिषदेच्या नियमांत पात्रतेची अट पर्सेंटाइलमध्ये आहे : खुल्या प्रवर्गासाठी ५०, खुल्या प्रवर्गातील दिव्यांगांसाठी ४५ आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांसाठी ४० पर्सेंटाइल. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हे. ५० पर्सेंटाइल मिळाले याचा अर्थ परीक्षा दिलेल्यांपैकी निम्मे विद्यार्थी तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत. पेपर अवघड असेल तर १०० पैकी ४० गुणांनाही ५० पर्सेंटाइल येऊ शकते. म्हणून ‘मागच्या वर्षी इतक्या गुणांना प्रवेश मिळाला’ या ऐकीव माहितीपेक्षा मागच्या वर्षीच्या फेरीनिहाय जागावाटप याद्या पाहाव्यात. कोणत्या महाविद्यालयात, कोणत्या प्रवर्गात शेवटचा प्रवेश कोणत्या गुणवत्ता क्रमांकाला मिळाला, हे त्यातून कळते. पसंतीक्रमाचा खरा आधार तोच आहे.

राज्याबाहेरचे आणि केंद्रीय पर्याय कोणते?

दिल्लीसह विविध एम्समधील बीएस्सी (ऑनर्स) नर्सिंगसाठी एम्सची स्वतंत्र परीक्षा असते. तेथे दोन तासांत १०० प्रश्न : भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र प्रत्येकी ३० आणि सामान्य ज्ञान १०. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापला जातो. बारावीची अटही कडक आहे : खुल्या व इतर मागास प्रवर्गासाठी ५५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५० टक्के. नवी दिल्लीच्या एम्समध्ये हा अभ्यासक्रम केवळ मुलींसाठी आहे. सीईटीत अंदाजाने उत्तर देणे फायद्याचे ठरते, एम्समध्ये तीच सवय महागात पडते. दोन्ही परीक्षा देणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

दुसरा पर्याय लष्करी परिचर्या सेवेचा. सशस्त्र दलांच्या सहा नर्सिंग महाविद्यालयांत मिळून अलीकडच्या वर्षांत २२० जागा भरल्या जातात. त्यापैकी ८० जागा महाराष्ट्रात आहेत : पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयाशी (एएफएमसी) जोडलेल्या नर्सिंग महाविद्यालयात ४० आणि मुंबईतील आयएनएचएस अश्विनी येथे ४०. हा पर्याय फक्त मुलींसाठी असून त्याला नीटचे गुण लागतात. त्यानंतर सामान्य बुद्धिमत्ता व इंग्रजीची संगणकीय चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. शिक्षण पूर्ण झाल्यावर लष्करी परिचर्या सेवेत अधिकारी म्हणून नियुक्ती मिळते. त्यासाठी सुरुवातीलाच सेवेची हमी म्हणजे बंधपत्र द्यावे लागते. या वाटेने जायचे असेल तर नीट टाळून चालत नाही. म्हणजेच मुलींनी नीट आणि नर्सिंग सीईटी या दोन्ही परीक्षा देणे शहाणपणाचे.

अभिमत विद्यापीठांची प्रवेशप्रक्रिया आणि शुल्करचना वेगळी असते. तेथे अर्ज करण्यापूर्वी चार वर्षांचा एकूण खर्च लेखी मागून घ्यावा.

प्रवेशफेऱ्यांत चूक कुठे होते?

सीईटीचा निकाल म्हणजे प्रवेश नव्हे. निकालानंतर केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेसाठी म्हणजे ‘कॅप’साठी वेगळी नोंदणी करावी लागते. मग कागदपत्रांची पडताळणी, गुणवत्ता यादी, पसंतीक्रम आणि जागावाटप असा क्रम असतो. सीईटी दिली की आपोआप नाव लागेल, असे समजून नोंदणी न करणारेही असतात.

पसंतीक्रम भरताना सर्वांत वर सर्वांत हवे असलेले महाविद्यालय टाकावे. ‘तिथे मिळणारच नाही’ म्हणून ते खाली टाकण्याने काहीही मिळत नाही. यंत्रणा गुणवत्ता क्रमांकानुसार वरून खाली पर्याय तपासते आणि शक्य असलेला पहिला पर्याय देते. खालचा पर्याय एकदा मिळाला, की त्या फेरीत वरचा राहिला कसा हे विचारण्यात अर्थ उरत नाही. जिथे जायचेच नाही, असे महाविद्यालय मात्र यादीत घालू नये.

जागा मिळाल्यावर दुसरा प्रश्न येतो : हीच जागा कायम ठेवायची की पुढच्या फेरीची वाट पाहायची? आरोग्य विज्ञान अभ्यासक्रमांच्या फेऱ्यांत ‘स्टेटस रिटेन्शन’ अर्ज भरला, की ती जागा पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर पडतो. तो अर्ज न भरता प्रवेश घेतला, तर पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळू शकतो. पण तसे झाल्यास आधीची जागा आपोआप जाते आणि ती परत मागता येत नाही. काही ठिकाणी महाविद्यालयातील कर्मचारीच प्रवेशाच्या दिवशी हा अर्ज इतर कागदांसोबत सहीसाठी पुढे करतात. सही करण्यापूर्वी तो कशाचा अर्ज आहे, हे वाचावे.

कागदपत्रांचे काय?

अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, वैद्यकीय तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र आणि आरक्षणाचा लाभ घेणार असल्यास जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र व लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर, अशी ही यादी आहे. यात सर्वाधिक वेळ जात वैधतेला लागतो. जिल्हा जात पडताळणी समितीकडे बारावीत असतानाच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत अर्ज करता येतो. निकालानंतर अर्ज केला, तर फेऱ्या संपेपर्यंत प्रमाणपत्र हाती पडेलच असे नाही आणि राखीव जागेचा हक्क असूनही विद्यार्थी खुल्या प्रवर्गात मोजला जाऊ शकतो. नॉन-क्रिमीलेअर जुने असेल, तर त्याची मुदत पुढील ३१ मार्चपर्यंत आहे का, हे तपासावे.

शुल्क किती? सवलत कोणाला?

एमयूएचएसशी संलग्न खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि महाविद्यालयनिहाय आकडे त्याच्या संकेतस्थळावर असतात. त्याहून अधिक रक्कम ‘विकास निधी’ किंवा ‘देणगी’ म्हणून मागितली, तर त्याची पावती मागावी. पावती द्यायची तयारी नसेल, तर उत्तर मिळालेच.

सर्वांत मोठा फरक पडतो तो सवलतीने. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती व शुल्कमाफीच्या योजना आहेत. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करायचे असतात आणि दरवर्षी नूतनीकरण करावे लागते.

या सवलतीची मेख एका अटीत आहे : प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या प्रवेशाला ती मिळत नाही. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठेही तिच्या कक्षेबाहेर आहेत.

एक उदाहरण घेऊ. परभणी जिल्ह्यातील एखाद्या ओबीसी मुलीला कॅपच्या फेरीत अडीचशे किलोमीटरवरचे महाविद्यालय मिळाले. त्याच वेळी तालुक्याच्या गावातील एका संस्थेतून फोन आला : ‘कशाला लांब पाठवता पोरीला? इथे संस्थास्तरावर जागा आहे, फी हप्त्याने भरा.’ घरच्यांना दुसरा पर्याय साहजिकच सोयीचा वाटतो. पण शिक्षण शुल्क वर्षाला ८० हजार रुपये धरले, तर चार वर्षांत ३ लाख २० हजार रुपयांचा फरक पडतो. अर्थात सवलतीत वसतिगृह, मेस, गणवेश आणि प्रवास येत नाही. म्हणून लांबच्या महाविद्यालयाचा वसतिगृहाचा खर्च मांडून मगच तुलना करावी. बऱ्याचदा तो खर्च धरूनही कॅपची जागा स्वस्त पडते.

महाविद्यालय पारखायचे कसे?

नर्सिंगची पदवी चार वर्षांची, आठ सत्रांची आहे आणि आठवे सत्र इंटर्नशिपचे आहे. वर्गात जे शिकवले जाते, ते वॉर्डात हाताखालून गेले तरच नोकरीच्या ठिकाणी उपयोगी पडते. त्यामुळे इमारत, वातानुकूलित वर्ग किंवा जाहिरातीतील ‘नंबर वन’पेक्षा त्या महाविद्यालयाचे रुग्णालय कोणते, हा प्रश्न आधी विचारावा.

परिषदेच्या निकषांनुसार महाविद्यालयाला किमान १०० खाटांचे स्वतःचे म्हणजे पालक रुग्णालय अपेक्षित आहे. एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण आणि दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठेवले आहे. आता हिशेब करून पाहा. ६० प्रवेशक्षमतेचे महाविद्यालय चारही वर्षे मिळून २४० विद्यार्थ्यांचे होते. रुग्णालयाच्या फलकावर १०० खाटा असल्या, तरी रोज त्यातल्या ३०च भरलेल्या असतील, तर एका रुग्णाभोवती विद्यार्थ्यांची गर्दी होणार. रक्तदाब मोजणार एक आणि वहीत लिहून घेणार सात.

हे तपासायला कोणाची ओळख लागत नाही. सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास त्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात अर्धा तास बसावे. केसपेपर काढायला रांग आहे का, प्रसूती विभाग, बालरुग्ण विभाग आणि अतिदक्षता विभाग खरोखर चालू आहेत का, हे दिसतेच. तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठून तीन प्रश्न विचारावेत : पोस्टिंग कुठे असते आणि तिथे नेण्या-आणण्याची सोय कोण करते? आतापर्यंत किती प्रसूती प्रत्यक्ष पाहिल्या किंवा केल्या? मागच्या सत्रात किती शिक्षक सोडून गेले? माहितीपत्रकात जे सापडत नाही, ते येथे पाच मिनिटांत कळते.

मान्यतेची खात्री वेगळी करावी. राज्य शासनाची परवानगी, एमयूएचएसची चालू वर्षाची संलग्नता आणि परिचर्या परिषदेच्या यादीतील नाव, हे तिन्ही हवे. ‘मान्यता प्रक्रियेत आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. पदवीनंतर परिषदेकडे परिचारिका व प्रसविका म्हणून नोंदणी झाल्याशिवाय कुठेही अधिकृतपणे काम करता येत नाही आणि नोंदणीच्या वेळी हीच कागदपत्रे पाहिली जातात.

‘हजेरी न लावता पदवी’ मिळते का?

सीमाभागात आणि मराठवाड्यात दरवर्षी प्रवेशाच्या हंगामात शेजारच्या राज्यांतील महाविद्यालयांसाठी दलाल फिरतात. परराज्यात शिकण्यात गैर काही नाही. तेथे नामांकित संस्था आहेत. धोका आहे तो ‘परीक्षेपुरते या’ या आश्वासनात. परिषदेच्या नियमांनुसार प्रत्येक विषयात तासिका आणि प्रात्यक्षिक यांची किमान ८० टक्के हजेरी लागते आणि पदवी मिळण्यापूर्वी प्रत्येक विभागातील प्रात्यक्षिकाचे तास १०० टक्के पूर्ण करावे लागतात. म्हणजे घरी बसून ही पदवी नियमानुसार मिळूच शकत नाही. तरीही कोणी ती देत असेल, तर कागदावरचे तास खोटे आहेत. असा विद्यार्थी नोकरीच्या पहिल्याच रात्रपाळीत सलाइन लावताना उघडा पडतो आणि त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

या वर्षी जागा मिळालीच नाही तर?

अशा वेळी घरात दोन सूर निघतात. एक म्हणतो, वर्ष वाया घालवू नका, जीएनएमला प्रवेश घ्या. दुसरा म्हणतो, एक वर्ष थांबून पुन्हा सीईटी द्या. दोन्हींचा हिशेब मांडता येतो.

जीएनएम ही तीन वर्षांची पदविका. त्यानंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी केले, की पाचव्या वर्षाअखेर पदवी हाती येते. एक वर्ष थांबून चार वर्षांचे बीएस्सी केले, तरी पाचच वर्षे लागतात. एम्समधील नर्सिंग ऑफिसरच्या भरतीसाठी होणाऱ्या नॉरसेट परीक्षेला बीएस्सीधारक थेट बसू शकतो. जीएनएमधारकाला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. तेथेही एकूण पाच वर्षेच होतात. सातव्या वेतन आयोगानुसार या पदाची वेतनश्रेणी ४४,९०० ते १,४२,४०० रुपये आहे आणि ती दोघांनाही सारखीच.

फरक आहे तो मधल्या टप्प्यात. जीएनएम करणाऱ्याच्या हाती तीन वर्षांनी नोंदणी असते आणि तो कमावता होऊ शकतो. घरी पैशांची निकड असेल, तर ही मोठी गोष्ट आहे. थांबणाऱ्याला सलग पदवी मिळते, पण पुढच्या वर्षी चांगला क्रमांक येईल याची हमी नसते. सीईटीत थोडक्यात मागे राहिलेल्याने, विशेषतः इंग्रजी आणि अभिरुचीत गुण गमावलेल्याने, एक वर्ष देण्यात अर्थ आहे. विज्ञानाच्या तिन्ही विषयांत बरेच मागे असलेल्याने चांगल्या रुग्णालयाशी जोडलेले जीएनएम निवडावे. रिकाम्या रुग्णालयाच्या महाविद्यालयात संस्थास्तरावर लाखो रुपये भरून घेतलेली बीएस्सीची जागा मात्र या दोन्ही पर्यायांपेक्षा महाग आणि कच्ची ठरते.